बिदादरीचा थांबा

फहाहील. शुक्रवार, जुम्म्यानंतर.

इद्रीसनं त्या दिवशी दोनदा भात केला. पहिला चांगलाच झाला होता, पण पाहुणा येईपर्यंत गार होईल म्हणून त्यानं तो हमीदच्या डब्यात भरून दिला आणि स्टोव्हवर पुन्हा आधण ठेवलं. झुबैदी तळून झाली होती. गावाकडे ज्याला सरंगा म्हणतात तोच हा मासा. कुवेतात येऊन त्याचं नाव तेवढं बदललं होतं.

लाँड्रीच्या मागच्या त्या खोलीच्या दारातच हमीद डबा घेऊन रेंगाळला. खोलीतली बाकीची मंडळी अहमदीच्या बागेत फिरायला निघाली होती.

"तुम्ही नाय येत, इद्रीसभाई?"

"नाय रे. महबूबचा पोरगा यायचाय. टँकरवर खलाशी आहे. सकाळी जेटीला लागलाय, मगरीबच्या नमाजापर्यंत उतरायचा पास आहे म्हणे."

"कोण महबूब? तो सिंगापूरला वारला तो?"

"तोच."

"म्हणजे तुम्ही ज्याच्या कबरीवर फातिहा दिलात तो!" हमीदनं कपाळावर हात मारला. "मग बसा बाबा. पण त्याला तुमच्या त्या वाघाच्या बागेच्या गमती सांगत बसू नका, जहाज चुकेल पोराचं."

तो हसत गेला. इद्रीस हसला नाही. या खोलीत तो दोन गोष्टींसाठी नावाजलेला होता. एक, त्यानं सिंगापूर बघितलं होतं: पंधरा-सोळा मजल्यांची इमारत, तारेवर चालणारी बस, शेंगदाणे मागणारी माकडं. दुसरी, सिंगापुरात पुरलेल्या शेजाऱ्याच्या कबरीपर्यंत तो जाऊन आला होता. दोन्ही एकाच दिवसात कसं बसलं, हे बारा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ऐकणारे सगळे लाँड्रीवाले, टेलर, दुकानातले नोकर. बंदरात खलाशाला किती तास मिळतात हे त्यांना काय ठाऊक.

येणारा मात्र खलाशी होता.


सिंगापूर. १९५२. सकाळचे नऊ.

इद्रीस तेव्हा आगबोटीवर सलूनमध्ये बॉय होता. दोन वर्षं नोकरी झाली होती आणि पिनांग काय, रंगून काय, सगळी शहरं त्यानं भांडी विसळता विसळता गोल खिडकीतूनच बघितली होती. सिंगापूरला पहिल्यांदा उतरायची परवानगी मिळाली. नऊ ते पाच.

खिशात दोन वस्तू होत्या. एक कागद. त्यावर बोटीच्या सारंगानं, खलाशांच्या म्होरक्यानं, इंग्रजीत कब्रस्तानाचं नाव लिहून दिलेलं, बिदादरी, आणि खाली कबरीचा नंबर. दुसरी, कापडाची पुरचुंडी. तिच्यात सब्जाचं बी.

पुरचुंडी झुलेखानं दिली होती. महबूब तापानं गेला, सिंगापूरच्या इस्पितळात. बोटीवरच्या लोकांनी त्याला तिथंच दफन केलं आणि बोट पुढं गेली. दाभोळच्या खाडीवर झुलेखाला ते दीड महिन्यानं कळलं, पोरगा सहा वर्षांचा असताना. तिनं अंगणातल्या सब्जाची बोंडं चोळून बी काढलं आणि कुंपणावरून, सुट्टीवर आलेल्या इद्रीसच्या हातात दिलं.

"एवढं त्यांच्या मातीवर पेर, भाऊ. आणि येताना मूठभर माती आण. दुसरं काय मागत नाय."

"भाबी, पहिलं काम तेच," इद्रीस म्हणाला होता. आणि तसं त्याच्या मनात होतंही.


फहाहील. दोन वाजून गेले.

यूसुफ आला तो दारातच वाकून चपला जुळवून ठेवायला लागला. उंच पोरगा. मिशी नुकती फुटलेली, तळहात दोरानं सोलवटलेले. इद्रीसनं त्याला शेवटचं बघितलं तेव्हा तो खाडीत खेकडे धरत होता.

"अस्सलामु अलैकुम, चाचा."

"वालेकुम सलाम. ये, ये. बापासारखा झालास रे. कान तेवढे आईचे."

"सगळे तेच सांगतात. कानाला नाव ठेवायला मीच सापडतो."

जेवण झालं. यूसुफ भुकेला होता आणि लाजरा नव्हता. त्यानं झुबैदीचा काटासुद्धा चोखला, गावची खबर दिली, जहाजावरच्या गोवेकर कुकची टिंगल केली. आईचा विषय निघाला तेव्हा मात्र सरळ बसला. झुलेखा गेल्या रजब महिन्यात वारली होती. ते रुकय्यानं, इद्रीसच्या बायकोनं, पत्रातून कळवलं होतं.

"शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची," यूसुफ म्हणाला. "रमजानमध्ये सांदणं झाली की पहिलं ताट तुमच्या घरी. मी म्हणायचो, अम्मा, आधी मला तरी दे. तर म्हणायची, तुझ्या बापाच्या कबरीवर जो उभा राहिला त्याचा मान आधी."

बारा रमजान. रुकय्या दर वर्षी पत्रात लिहायची, भाबीची सांदणं आली, मऊ झाली होती. आणि इद्रीस ते वाक्य डोळ्यांखालून घालायचा, पुढं जायचा.

"आता जहाज परवा सिंगापूरला निघतंय, चाचा." यूसुफनं खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यातून चारदा घडी घातलेला, मातकट डागांचा कागद. "ओळखता का?"

इद्रीसनं ओळखला. सारंगाचं अक्षर होतं. बिदादरी एवढं वाचता येत होतं. खालचा नंबर ओल्या मातीनं कधीच खाल्ला होता.

"याच कागदात तुम्ही माती बांधून आणलीत. नाव हाय, नंबर गेला. म्हणून म्हटलं, चाचांकडून नकाशाच काढून घ्यावा. तुम्ही अम्माला सगळ्या खुणा सांगितल्यात, मला तोंडपाठ आहेत. फाटकातून आत, डावीकडं पाऊलवाट, चाफ्याचं झाड, तिथून समुद्र दिसतो. पण तोंडानं सांगितलेलं वेगळं. काढून द्या ना."

इद्रीस कामाला होता त्या लाँड्रीत कागद आणि पेन्सिल यांना तोटा नव्हता. इद्रीसनं गिऱ्हाइकांचे कपडे बांधायचा तपकिरी कागद पसरला आणि अरबांच्या लांब झग्यांच्या, दिशदाशांच्या, कॉलरवर खुणा करायची जांभळी पेन्सिल जिभेवर ओली केली.

त्यानं फाटक काढलं.

त्यानं पाऊलवाट काढली.

हात जराही थरथरला नाही. पुढं या गोष्टीचीच त्याला सगळ्यात जास्त शरम वाटायची.


गाव. १९५२. झुलेखाच्या पडवीत.

"गेला होतास?"

"भाबी, बोट फार थोडा वेळ—"

"कशी आहे कबर?"

"…स्वच्छ आहे."

"उन्हात आहे? का काय झाडबिड?"

"झाड आहे. चाफ्याचं."

"चाफा! ऐकलंस काय गे रुकय्या, चाफा आहे. आणि दर्या? दर्या दिसतो का तिथून?"

"दिसतो."

"तेवढं बरं झालं. दर्या दिसला नाय तर त्यांना झोप नसे. सब्जा पेरलास?"

"पेरला."

"पाणी घातलंस वर?"

"घातलं, भाबी."

"अल्ला तुझं भलं करो. रडू नको रे. मी रडत नाय, तू कशाला रडतोस?"


फहाहील. तीन.

चाफ्याचं झाड काढताना त्यानं पाच पाकळ्यांचं फूलही काढलं. यूसुफ गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत होता.

"झाड फाटकातून दिसतं का, चाचा? म्हणजे संध्याकाळ झाली तरी चुकायचं नाय."

"दिसतं."

"पास किती वेळाचा मिळतो ठाऊक नाय. आमचा बोसन, खलाशांवरचा मुकादम, खडूस. तेल उतरवायचं ते बेटावर, शहरात यायचं म्हणजे आधी लाँच. दोन-तीन तास मिळाले तरी खूप." तो पिशवीत पुन्हा हात घालून काहीतरी शोधत होता. "तुम्हाला कसा काय जमला हो एवढा मोठा दिवस? गावात तर म्हणतात चाचांनी अख्खं सिंगापूर बघितलं."

इद्रीसनं समुद्राची लाट काढायला घेतली.

"हे बघा." यूसुफनं एक चपटा पत्र्याचा डबा पुढं केला. पानाचा असावा. आत लाल जांभा माती. "अम्माच्या कबरीवरची. तिची ही माती घेऊन निघालोय बाबांकडं. बाबांकडची तिच्याकडं आहेच."

"म्हणजे?"

"तुम्ही आणलेली माती. तिनं बारा वर्षं कुराणशरीफच्या कोनाड्याखाली ठेवलेली. जाताना म्हणाली, कफन बांधायच्या आधी छातीवर ठेवा. मौलवीसाहेब कुरकुरले थोडे. पण मी ठेवली. माझ्या हातानं."

पेन्सिल कागदावर टेकलेली होती, तिथं जांभळा ठिपका पसरत गेला. इद्रीसच्या जिभेवरही तीच जांभळी चव होती.

बाहेर कुणीतरी बंद दुकानाची कडी वाजवून गेलं. आज जुम्मा आहे, दुकान बंद असतं, हे ठाऊक नसलेलं कुणीतरी.

"यूसुफ," इद्रीस म्हणाला, "चाफा नाय."

"तोडला असेल म्हणता? एवढ्या वर्षांत—"

"तोडला नाय. मी बघितलाच नाय. आहे का नाय मला ठाऊक नाय. समुद्र दिसतो का ठाऊक नाय. मी गेलो नाय रे बाबा."

यूसुफ कागदाकडं बघत राहिला. चांगला निघाला होता नकाशा. फाटकाला दोन खांब होते, खांबांना सावली होती.

"कुठं गेला नाय?"

"कबरीवर. तुझ्या बाबांच्या. मी गेलोच नाय."

"मग माती?"

इद्रीसनं तोंड उघडलं. आवाज आला तो लहान पोराचा असावा तसा आला. "धक्क्यावरची. कर्दळीचा वाफा होता, साहेब लोकांनी शोभेसाठी लावलेला. बोटीवर चढायच्या आधी आठवण झाली. पाऊस होऊन गेला होता. खिशात तोच कागद होता."

मारील, असं इद्रीसला वाटलं. मारावं, असंही वाटलं. यूसुफनं पत्र्याच्या डब्याचं झाकण लावलं. नीट बसेना म्हणून उघडून पुन्हा लावलं.

"दिवसभर काय केलंत मग?"

"पोरा, माफ—"

"ते ऱ्हाऊ द्या. नऊ ते पाच. काय काय बघितलंत ते सांगा."

"कशाला आता—"

"गावात सगळ्यांना सांगता ना? मला सांगा."


सिंगापूर, जसं इद्रीसला सांगावं लागलं.

आधी धक्का. मग मोठे रस्ते, साहेबांची दुकानं. बरोबर बोटीवरचे दोघे होते. ते म्हणाले, कब्रस्तान कुठं पळून जातं? आधी शहर बघू. इद्रीसलाही ते पटलं.

"मग?"

मग ती उंच इमारत. मान वर करून मजले मोजताना टोपी पडली. तिघं हसले. मग बाग, माकडांची. माकडानं एकाचा रुमाल पळवला.

"मग?"

"यूसुफ, पुरे."

"तीन तास झाले असतील फारतर. बारा वाजले. मग?"

मग वाघाची बाग. तिथं सिमेंटचे रंगवलेले पुतळे. राक्षस, परी, अर्धा मासा अर्धी बाई. नरकाचे पण होते, माणसं करवतीनं कापताहेत, तेलात टाकताहेत. इद्रीसनं त्यांच्यापुढं उभं राहून बर्फाचा गोळा खाल्ला. लाल रंगाचा. सगळ्यात जास्त तिथंच हसला तो. इतकं हसला की बरोबरचे म्हणाले, याला काय झालं?

हे सांगताना त्यानं डोळे मिटून घेतले होते. बारा वर्षं हीच हकिगत तो अंग हलवून, हातवारे करून सांगत आला होता. माकडाची नक्कल करायचा. खोली लोळायची. आता तेच शब्द तोंडातून एकेक करून बाहेर काढावे लागत होते.

"बी कुठं होतं?" यूसुफनं विचारलं.

"कसलं?"

"सब्जाचं. अम्मानं दिलेलं."

"खिशात. घामानं भिजलं. सब्जा भिजला की फुगतो, ठाऊक आहे तुला. खिशात बुळबुळीत लगदा झाला. बोटीवर जाताना… खिसा उलटा केला मी. पाण्यात."

यूसुफनं डबा मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाला, "म्हणजे बिदादरी कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा तुम्हाला ठाऊक नाय."

इथं थांबता आलं असतं. नाही, ठाऊक नाही, म्हटलं असतं तर पोरानं विश्वास ठेवला असता. जे कबूल करायचं ते करून झालं होतं, त्याहून जास्त कुणी मागत नव्हतं. इद्रीसनं पायाच्या अंगठ्यानं चटईची काडी दाबून धरली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "बस तिथनं जाते. तारेवरची बस. आम्ही नुसते मजेखातर बसलो, शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन यायचं म्हणून. कंडक्टरनं नाव पुकारलं. बिदादरी. मला ऐकू आलं. फाटक दिसलं. आत पांढऱ्या कबरी दिसल्या."

"आणि?"

"मला खिडकीची जागा मिळाली होती."

यूसुफला ते कळायला वेळ लागला. त्याच्या चेहऱ्यावर कळत गेलेलं इद्रीसला दिसलं.

"उठलो असतो तर जागा गेली असती. दोन वर्षं मी खाली, पँट्रीत. वारा लागत होता रे तोंडाला. म्हटलं, येताना उतरू. येताना पण तीच बस, तेच फाटक. तेव्हा म्हटलं, उशीर झाला. उशीर झाला नव्हता. साडेतीन वाजले होते. मला त्या दिवशी रडायचं नव्हतं. एवढंच. एक दिवस मिळाला होता, त्यात मला रडायचं नव्हतं."


फहाहील. चार वाजून गेलेले.

नकाशा यूसुफनं उचलला, उभा फाडला, आडवा फाडला, आणि तुकडे जेवणाच्या काट्यांवर ठेवले. रागानं नव्हे. ज्यांचं काम नाही अशा वस्तू आवरतात तसे.

"नाव तरी खरं? बिदादरी?"

"नाव खरं. बस पण खरी. तिथं दफ्तर असेल बघ. बाबांचं नाव सांग, साल सांग, बोटीचं नाव सांग. ते वही बघतील. सापडेल."

"बघतो."

"यूसुफ, मला माफ कर. मी पाया पडतो तुझ्या."

"पाया पडू नका, चाचा. वयानं मोठे आहात." तो चपलांकडं गेला आणि तिथंच उभा राहिला. "माफी माझ्याकडं नाय. ज्याचं देणं त्याच्याकडंच माफी असते, हे तुम्हीच मला मशिदीच्या ओट्यावर शिकवलंत. ती दोघं गेली. मी कुठून आणून देऊ?"

"मी गावात पत्र लिहितो. जमातीला. सगळं खरं लिहितो. माझ्या तोंडाला काळं लागलं तरी चालेल."

तेव्हा पहिल्यांदा यूसुफचा आवाज चढला.

"लिहाल तर बघा! तुमच्या तोंडाला काळं लागेल आणि तुम्ही मोकळे व्हाल. आणि माझ्या अम्माचं काय? बायका तिच्या कबरीशी उभ्या राहून बोलतील. कसली माती उराशी धरून झोपली म्हणतील, शोभेच्या वाफ्यातली. हसतील. ती सुखानं गेली, चाचा. तिच्या लेखी तुम्ही गेला होतात, सब्जा पेरलात, पाणी घातलंत. आता ते तसंच ऱ्हाणार. गावात, इथं, कुठंच एक अक्षर काढायचं नाय. कोणी विचारलं तर सांगायचं, मी गेलो होतो."

"जन्मभर?"

"तुम्ही बारा वर्षं सांगितलंतच की."

 इद्रीसनं उठून पोराला डबा ठेवायला जाड कापड दिलं. यूसुफनं ते घेतलं नाही.


फहाहील. पाच.

जेटीकडं जाणारा कंपनीचा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता. तेवढ्यात हमीद आणि मंडळी बागेतून परतली. रिकामा डबा वाजवत हमीद पुढं आला आणि त्यानं यूसुफला मिठीच मारली.

"तू महबूबभाईंचा! बघू दे तोंड. काय, बाबांच्या कबरीची खूण मिळाली ना नीट? सांगितलं ना इद्रीसभाईंनी सगळं?"

"सगळं सांगितलं," यूसुफ म्हणाला.

"अरे, हा माणूस हिरा आहे. आठ तासांची सुट्टी आणि हा शहर सोडून शेजाऱ्याच्या कबरीवर जातो! आपले सख्खे जायचे नाहीत."

"नाय जायचे," यूसुफ म्हणाला. त्यानं इद्रीसचा हात दोन्ही हातांत घेतला, रिवाजाप्रमाणे, सगळ्यांसमोर. हातांत जोर नव्हता. दोरानं सोलवटलेली कातडी तेवढी इद्रीसच्या बोटांना लागली.

तो ट्रकवर चढला. ड्रायव्हर चावी फिरवत होता. हमीदला भरून आलं असावं. परदेशात मरणाची भीती खोलीतल्या प्रत्येकाच्या उशाशी असायची, बोलत कुणी नसे. त्यानं रस्त्यातच दोन्ही हात वर केले.

"या अल्ला, पोराची सफर सुखरूप कर. आणि आम्हाला परमुलखात मरण दिलंस तर इद्रीसभाईंसारखा शेजारी दे, आमच्या मातीपर्यंत येणारा. म्हणा, आमीन."

"आमीन," मंडळी म्हणाली.

"आमीन," ट्रकवरून यूसुफ म्हणाला, आणि खाली बघत थांबला. ट्रक हलला तरी त्याची नजर हलली नाही.

"आमीन," इद्रीस म्हणाला. चांगला मोठ्यानं म्हणाला, ट्रकच्या आवाजातही यूसुफला ऐकू जाईल असं.